राज्यसभेचे १९ खासदार आणि नागपूर

नागपुरात कुणालाही खासदार कोण म्हणून विचारा, नाव येते ते लोकसभेच्याच सदस्याचे. महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले १९ जण कुणाच्या ध्यानीमनी नसतात. अख्खे राज्य हाच त्यांचा मतदारसंघ, म्हणजे नागपूरचा प्रश्न घेऊन त्यांच्यापैकी कुणाकडेही जाता येते. तरी कुणी जात नाही, आणि याची मुळे जुनी आहेत.

वरच्या सभागृहाची सुरुवात १९१९ च्या कायद्यातल्या ‘कौन्सिल ऑफ स्टेट’पासून झाली. सदस्य ६०, आणि मताचा हक्क मालमत्ता व कर यांच्या जोरावर मूठभरांना. नागपूरचे वकील आणि उद्योजक सर माणेकजी दादाभॉय १९३३ ते १९४६ या सभागृहाचे अध्यक्ष होते. अध्यक्ष आपल्या गावचे असले, तरी गिरणीतल्या कामगाराला तिथे दारही नव्हते.

घटना समितीत तर दुसरे सभागृह हवेच कशाला, असाही सूर निघाला. घाईने होणाऱ्या कायद्यावर पुन्हा विचार व्हावा, निवडणुकीच्या धामधुमीत न उतरणाऱ्या जाणत्यांना जागा मिळावी, अशी बाजू एन. गोपालस्वामी अय्यंगार यांनी मांडली आणि ती टिकली. १३ मे १९५२ रोजी राज्यसभा प्रथम बसली. आज तिच्या २४५ जागा आहेत, त्यांतल्या १२ राष्ट्रपतिनियुक्त. सदस्याची मुदत सहा वर्षे, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त होतात. सभागृह विसर्जित असे कधी होत नाही.

१९५२ मध्ये नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होते. राज्यसभेचे सदस्य निवडणारे आमदार इथेच बसत. १९५६ च्या पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, राजधानी गेली आणि ही निवडणूकही मुंबईची झाली. दुरावा तिथून वाढला, असे मला वाटते. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, तेव्हा ते राज्यसभेचे सदस्य होते. दीक्षाभूमीच्या शहराने हे तरी विसरायला नको. पुढे २००३ मध्ये उमेदवार त्याच राज्यातला मतदार असावा ही अटही कायद्यातून निघाली. माझ्या लेखी ते मोठे नुकसान आहे.

पण दार उघडे आहे. उपराष्ट्रपती हे राज्यसभेचे पदसिद्ध सभापती, त्यांच्या जोडीला उपसभापती, आणि अनुच्छेद ९८ नुसार लोकसभेपासून वेगळे सचिवालय. लोकसभेच्या नावे पाठवलेला अर्ज म्हणजे राज्यसभेकडे केलेला अर्ज नव्हे. राज्यसभेची स्वतःची याचिका समिती आहे, १० सदस्यांची. कोणताही नागरिक तिच्याकडे याचिका करू शकतो. माजी सैनिकांच्या ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ या मागणीवर २०११ मध्ये याच समितीने अनुकूल अहवाल दिला होता. विषय मात्र केंद्राच्या अखत्यारीतला हवा आणि न्यायालयात चालू नसावा. गल्लीतल्या नळाची तक्रार तिथे चालणार नाही. रेल्वे, टपाल, केंद्रीय कायद्यातला दोष हे चालेल.

याचिका मराठीत लिहिता येते. तिच्यासोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर सही करून जोडायचे आणि ती महासचिव, राज्यसभा सचिवालय, संसद भवन, नवी दिल्ली ११०००१ या पत्त्यावर पाठवायची.