माणसाच्या मापाचे काम

हेन्री फोर्ड यांच्या मोटार कारखान्यात एकदा सगळ्या कामांची वर्गवारी करण्यात आली. एकूण 7,882 कामांपैकी धडधाकट, ताकदवान माणसाशिवाय होणारच नाहीत अशी कामे केवळ 949 निघाली. एकच पाय असलेल्यांना जमतील अशी 2,637, एका हाताने होणारी 715 आणि दृष्टिहीनांना करता येतील अशी 10 कामे होती. 1922 साली फोर्ड यांनी हे आकडे प्रसिद्ध केले. या पाहणीत मोजमाप माणसाचे नव्हे, तर कामाचे झाले होते. एरवी कामगाराचे वय वाढले किंवा एखादा अवयव साथ देईनासा झाला, की आपण त्याच्यात काय कमी आहे ते पाहतो. काम त्याच्याकडून नेमके काय मागते आणि ती मागणी कमी करता येईल का, हे क्वचितच विचारले जाते. सहायक तंत्रज्ञानाचा, म्हणजे अशा कामगाराला काम जमावे म्हणून केलेल्या साधनांचा, उगम याच प्रश्नात आहे.

या तंत्रज्ञानाचे नाव काढले की डोळ्यांसमोर यंत्रमानव येतो, पण पुष्कळ काम त्याहून साध्या वस्तू करतात. जर्मनीतील डिंगोल्फिंग येथे बीएमडब्ल्यूच्या कारखान्यात 2007 साली गिअरबॉक्स जोडणारी एक असेंब्ली लाइन मुद्दाम सरासरी 47 वर्षे वयाच्या कामगारांकडे सोपवण्यात आली, कारण दहा वर्षांनी सगळ्या कारखान्याचे सरासरी वय तेवढे होईल असा अंदाज होता. लाकडी जमीन, विशेष बूट, उंची बदलता येणारी टेबले, लवचीक दांडीवरची भिंगे, पडद्यावरची मोठी अक्षरे असे सुमारे 70 लहान बदल झाले. त्यांतले बरेचसे कामगारांनीच सुचवले होते. साहित्यावर सुमारे 20,000 युरो खर्च झाला आणि वर्षभरात उत्पादकता 7 टक्क्यांनी वाढली. कारखान्याच्या हिशेबात ही रक्कम किरकोळच म्हणावी लागेल.

मोठी अक्षरे आणि भिंगे यांमागे शरीरशास्त्र आहे. वयानुसार डोळ्याची बाहुली लहान होते आणि डोळ्यातले भिंग पिवळसर पडते, त्यामुळे साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या तरुणाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. कानांच्या बाबतीत उच्च स्वर आधी हरवतात, म्हणून धोक्याची सूचना देणारा चिरका भोंगा ज्येष्ठ कामगाराला ऐकू येईलच याची खात्री नसते. त्याऐवजी खालच्या पट्टीतला आवाज आणि जोडीला लुकलुकणारा दिवा किंवा मनगटावर कंप पावणारे उपकरण ठेवले, तर ते कर्णबधिर कामगारालाही उपयोगी पडते आणि गोंगाटामुळे कानात बोळे घातलेल्या तरुणालाही.

स्नायूंचा प्रश्न अधिक अवघड आहे. 70 किलो वजनाच्या माणसाचा एक हात साधारण साडेतीन किलोचा असतो. तो समोर आडवा ताणून धरला, तर त्याचा भार खांद्यापासून सुमारे 30 सेंटिमीटरवर येतो आणि हातात काहीही नसताना खांद्याच्या स्नायूंना सुमारे 10 न्यूटन-मीटर इतके पीळबल, म्हणजे हात खाली फिरवू पाहणारा जोर, सतत पेलावे लागते. एकाच स्थितीत ताणलेला स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबतो, रक्तपुरवठा कमी पडतो आणि खांदा भरून येतो. गाडीखाली उभे राहून डोक्यावरचे बोल्ट आवळणाऱ्याचे दुखणे हेच असते. अंगावर चढवायचा बाह्य सांगाडा, म्हणजे एक्सोस्केलेटन, इथे मदतीला येतो. त्याच्या साध्या प्रकारात मोटार वा बॅटरी नसते; हात खाली आणताना स्प्रिंग ताणली जाते आणि हात वर नेताना तीच शक्ती परत मिळते. मात्र खांद्यावरचा भार नाहीसा होत नाही, तो कमरेकडे सरकतो. पट्टे काचतात, उकडते, अरुंद जागेत सांगाडा अडतो. त्यामुळे शक्य असेल तिथे कामाचा भागच फिरवून छातीच्या उंचीवर आणावा, हा जुना उपाय मला अजूनही अधिक शहाणपणाचा वाटतो.

बौद्धिक अक्षमता असलेल्या कामगाराची अडचण ताकदीची नसून क्रम लक्षात ठेवण्याची असते. त्यासाठी टेबलाच्या वर प्रोजेक्टर आणि वस्तू किती अंतरावर आहे ते मोजणारा कॅमेरा बसवतात. पुढचा भाग ज्या डब्यात आहे त्यावर प्रकाश पडतो. हात त्या डब्यात गेल्याचे कॅमेऱ्याने टिपले, की तो भाग जिथे बसवायचा तिथे त्याची बाह्यरेषा उमटते. भाग उलटा बसला, तर पुढची पायरी दिसतच नाही. कागदावरचे चित्र पाहून ते मनात फिरवण्याचे कष्ट वाचतात आणि चूक तिथल्या तिथे सुधारता येते.

हीच सोय सरावलेल्या कामगाराला मात्र जाचक होते. ज्याचे हात आपोआप चालतात, त्याला प्रत्येक पायरीवर प्रकाशाची वाट पाहायला लावली, तर त्याचा वेग मंदावतो. म्हणून मदतीचे प्रमाण कमी-जास्त करता येणे आवश्यक असते: नवख्याला प्रत्येक पायरी दाखवावी, सरावानंतर फक्त चूक झाल्यावर दिवा लागावा. शिवाय तो कॅमेरा प्रत्येक हालचालीची नोंदही ठेवू शकतो. ती नोंद कामगाराच्या मदतीसाठी आहे की त्याचा वेग मोजून त्याला जाब विचारण्यासाठी, हे यंत्रणा बसवण्यापूर्वीच लेखी ठरलेले असावे.