डॅन वाढला म्हणून माणूस जाणता होत नाही

नोव्हेंबर उलटला की गोव्यातल्या कराटे क्लासांत परीक्षांची लगबग सुरू होते. शाळांना नाताळची सुट्टी पडायच्या आत बेल्ट हातात यावा, नव्या बेल्टचा फोटो आजी-आजोबांना आणि परदेशातल्या काकांना पाठवता यावा, असं पालकांना वाटणं साहजिक आहे. त्या फोटोखाली जे लिहिलं जातं ते मात्र मला दरवर्षी खुपतं. दहा वर्षांच्या मुलाला ब्लॅक बेल्ट मिळाला की ‘कराटेवर प्रभुत्व’. अमुक सर पाचव्या डॅनचे, म्हणजे ब्लॅक बेल्टमधल्या पाचव्या पायरीवरचे, म्हणून त्यांचा शब्द अखेरचा, मग विषय मुलांना हाताळण्याचा असो की गुडघेदुखीचा. दर्जा ही एक गोष्ट आणि जाणतेपण ही दुसरी. दोन्ही एकाच माणसात सापडू शकतात, पण पहिली मिळाली म्हणून दुसरी आपोआप येत नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

दर्जाचं गणित बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून ते भरभर उरकतो. पांढऱ्यापासून ब्राऊनपर्यंतच्या पायऱ्या म्हणजे क्यू, त्यानंतर ब्लॅक बेल्ट आणि त्याच्या पायऱ्या म्हणजे डॅन. मधल्या रंगांचा क्रम शैलीप्रमाणे आणि संघटनेप्रमाणे बदलतो. तुमच्याकडे ऑरेंज आधी आणि शेजारच्या क्लासात ग्रीन आधी, यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. स्पर्धेत खेळाडूच्या कमरेला दिसणारा लाल किंवा निळा पट्टा फक्त बाजू दाखवतो, दर्जा नव्हे. अनेक संघटना लहान मुलांना ज्युनिअर ब्लॅक बेल्ट देतात आणि मोठेपणी पुन्हा परीक्षा घेतात, तेव्हा बातमी देताना ‘ज्युनिअर’ हा शब्द गाळू नये. पांढरा पट्टा वर्षानुवर्षं न धुतल्यामुळे मळून काळा झाला ही गोष्ट छान आहे, पण ती गोष्टच. आणि ब्लॅक बेल्टवाल्याला आपले हात पोलीस ठाण्यात नोंदवावे लागतात, हे तर आता कृपा करून कुणी मुलांना सांगू नये.

डॅन ही पद्धत कराटेच्या जन्मापासूनची नाही. ज्युदोचे संस्थापक कानो जिगोरो यांनी १८८३ मध्ये आपल्या दोन शिष्यांना पहिला डॅन दिला. शोतोकान शैलीचे जनक फुनाकोशी गिचिन यांनी कराटेत ती पद्धत आणली आणि १९२४ मध्ये सात जणांना ब्लॅक बेल्ट दिले. गोजू-र्यू या दुसऱ्या शैलीचे संस्थापक मियागी चोजुन यांनी तर कुणालाही डॅन दिला नाही. आता इतोसु आन्कोंचं पाहा. १८३१चा जन्म, १९१५ मध्ये मृत्यू. ओकिनावा या जपानी बेटावरच्या शाळांमध्ये कराटे नेणारे हेच. शाळकरी मुलांसाठी त्यांनी पिनान नावाचे पाच काता, म्हणजे हालचालींचे ठरलेले क्रम, बसवले. शोतोकानमध्ये त्यांनाच हेइआन म्हणतात. आज फोंड्यात किंवा म्हापशात यलो बेल्टसाठी मूल हेइआन शोदान करून दाखवतं, तो काता अशा माणसाने रचलेला आहे ज्याच्याकडे कोणताही डॅन नव्हता. कराटेतले जाणते लोक डॅन येण्याच्या कितीतरी आधीपासून होते. दर्जा नंतर आला, शिकणारे वाढले तेव्हा व्यवस्था लावण्यासाठी.

आणि ती व्यवस्था हवीच, असं माझं ठाम मत आहे. कोणाला काय शिकवायचं, कोणाबरोबर कोणाची जोडी लावली तर इजा होणार नाही, हे बेल्टवरून पटकन कळतं. ‘मला बेल्टबिल्टचं काही नाही’ म्हणून वर्षानुवर्षं परीक्षा टाळणाऱ्यांचं मला कौतुक नाही. चार अनोळखी परीक्षकांसमोर एकट्याने उभं राहून काता करण्यात जे शिकायला मिळतं ते एरवी मिळत नाही.

खरा गोंधळ वर्षांच्या हिशेबात आहे, आणि त्यात क्लास चालवणारेही अडकतात. दोन डॅनच्या परीक्षांमध्ये ठरावीक काळ जावा लागतो. बऱ्याच संघटनांत पहिल्यानंतर दुसऱ्यासाठी किमान दोन वर्षं, दुसऱ्यानंतर तिसऱ्यासाठी तीन, आणि पुढे अंतर वाढत जातं. यावरून लोक धरून चालतात की चौथ्या डॅनचा माणूस म्हणजे इतक्या वर्षांचं जाणतेपण साठवलेला माणूस. सरकारी नोकरीतल्या सेवाज्येष्ठतेसारखा हिशेब मांडला जातो. ही मधली वर्षं काही विशिष्ट गोष्टी घडाव्यात म्हणून ठेवलेली असतात. त्या घडल्या का, हे कॅलेंडर सांगत नाही. तीन वर्षांतले शेवटचे तीन महिने परीक्षेचा काता घोटून पास होणारा आणि तीन वर्षं रोज थोडं थोडं करत राहिलेला, दोघांच्या प्रमाणपत्रावर एकच ओळ छापलेली असते.

मग त्या वर्षांत काय घडायला हवं? एक उदाहरण सविस्तर सांगतो. शोतोकानमध्ये ठोसा समोरच्याच्या अंगाला लागण्याच्या किंचित आधी थांबवायचा असतो. त्याला सुंदोमे म्हणतात. सेकंड डॅनचा तगडा तरुण आणि ग्रीन बेल्टची पंधरा वर्षांची मुलगी कुमितेसाठी, म्हणजे जोडीने लढतीच्या सरावासाठी, समोरासमोर आहेत असं समजा. तो आत येतो, तिच्या चेहऱ्यासमोर दोन बोटांवर ठोसा थांबवतो. पुन्हा येतो, पुन्हा थांबवतो. अंतर बरोबर, मागचा हात कमरेशी बरोबर, पाय जमिनीत रोवलेले. परीक्षकाला गुण कापायला जागाच नाही. पण मुलीने दोन्ही वेळा डोळे मिटले आणि तिसऱ्या वेळी तो हलायच्या आधीच ती मागे सरकली. त्या संध्याकाळी ती फक्त घाबरायला शिकली.

त्याच मुलीसमोर जाणता माणूस उभा राहिला तर तो आधी तिचे डोळे पाहतो. पहिला ठोसा तिला पूर्ण दिसेल इतक्या वेगाने येतो आणि ती तो अडवते. पुढचा किंचित जलद. तिचा श्वास अडकला की तो अर्धं पाऊल बाहेर राहतो, सुटला की पुन्हा आत येतो. पाच मिनिटांनी ती डोळे उघडे ठेवून त्याच वेगाचा ठोसा अडवते, जो त्या तरुणाने पहिल्याच फटक्यात टाकला होता. अंतराचं हे भान, ज्याला मा-आई म्हणतात, दोघांनाही पाठ आहे. तरुणाने ते स्वतःसाठी वापरलं, दुसऱ्याने समोरच्यासाठी. माझ्या पाहण्यातल्या एकाही परीक्षेच्या कागदावर याला रकाना नव्हता.

शरीर उतरणीला लागलं की हा फरक उघडाच पडतो. डॅन कधी कमी होत नाही. गुडघे, कंबर आणि दम मात्र कमी होतात. पंचेचाळिशी-पन्नाशी ओलांडल्यावर डोक्याच्या उंचीची मावाशी गेरी, म्हणजे गोल फिरवून मारलेली किक, पूर्वीसारखी जात नाही. अशा वेळी काही जण सराव सोडून देतात आणि हात मागे बांधून ‘इची, नी, सान’ मोजत उभे राहतात. दर्जा वाढत राहतो, गी, म्हणजे कराटेचा पोशाख, इस्त्रीची असते, घाम मात्र मुलांचाच. दुसरे काही जण किक पोटाच्या उंचीवर आणतात, उडी सोडतात आणि त्याऐवजी समोरच्याच्या हालचालीची सुरुवात ओळखण्यावर काम करतात. पन्नाशीचा माणूस पुन्हा हेइआन शोदान काढतो आणि पहिल्या गेदान बराईला, म्हणजे हात खाली झटकून वार अडवताना, कंबर नेमकी कधी वळते, यावर महिना घालवतो. आयुष्यभराचा सराव मी यालाच म्हणतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ मध्ये, महिलांच्या काताचं सुवर्णपदक स्पेनच्या सांद्रा सांचेझने ३९व्या वर्षी जिंकलं. ज्या वयात आपल्याकडे ‘आता काय कराटे’ म्हणून गी माळ्यावर जाते, त्या वयात.

वय म्हणजेच जाणतेपण, ही याच गोंधळाची दुसरी बाजू. केस पिकले म्हणून कुणी जाणता ठरत नाही. शिस्तीच्या नावाखाली मुलांच्या पोटऱ्यांवर छडी मारणारे वयस्क शिक्षक मी पाहिले आहेत, आणि त्यांचा डॅन मोठा आहे म्हणून गप्प बसणारे पालकही. उलट, घर-संसार सांभाळून पुन्हा वर्गात आलेली आणि ब्राऊन बेल्टवरच थांबलेली एखादी बाई नवशिक्या मुलाचा खांदा दोन बोटांनी खाली करते आणि त्याचा ठोसा तिथल्या तिथे सुधारतो. तिने पुढची परीक्षा द्यावी असं मी तिला सांगतोच. पण तिचं जाणतेपण त्या परीक्षेची वाट पाहत थांबलेलं नाही.

हे सगळं मला सर्वांत स्वच्छ दिसतं ते डिसेंबरात, शेजारच्या ख्रिस्ती घरात. नाताळच्या आधी तिथे दोदोल हा गोड पदार्थ होतो. नारळाचा रस, माडाचा काळा गूळ, तांदळाचं पीठ. तांब्याच्या भाणात तासन्‌तास ढवळायचं, हात थांबला की तळाला लागलंच. घरातली सगळी माणसं आळीपाळीने ढवळतात, बेंगलोरहून सुट्टीला आलेली नातवंडंसुद्धा. भाण उतरवायची वेळ आली की मात्र सगळे शामायकडे, म्हणजे आजीकडे बघतात. तेल कडेने सुटलं का, गोळा भांड्यापासून वेगळा होतोय का, हे ती एका नजरेत सांगते. मग एखाद्या वर्षी तिचा हात दुखायला लागतो. लाकडी डाव सुनेच्या हातात जातो, आणि दोन-तीन नाताळ गेल्यावर लोक सुनेकडे बघायला लागतात. कुणी जाहीर केलं नाही, कुणी प्रमाणपत्र दिलं नाही. परीक्षा नसताना, दर्जा नसताना जाणतेपण एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसं जातं आणि घरातल्यांना ते कसं अचूक ओळखता येतं, हे पाहायचं असेल तर अशा स्वयंपाकघरात एक संध्याकाळ बसावं. कराटेत आपण ही नजर बेल्टच्या भरवशावर गमावून बसलो आहोत.

नाताळाचा आणखी एक संबंध आहे, आणि त्याबाबत मी हट्टी आहे. काही क्लास २४ आणि २५ डिसेंबरलाही खास शिबिर ठेवतात आणि न येणाऱ्या मुलांना ‘निष्ठा नाही’ म्हणतात. मला हे साफ नामंजूर आहे. आमच्या वर्गात अर्धीअधिक मुलं ख्रिस्ती घरांतली आहेत. २४च्या संध्याकाळी त्या मुलाने आईबरोबर नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, कडा दुमडाव्यात, भावंडांबरोबर येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याचं गवत नीट करावं, नक्षत्राच्या आकाशकंदिलाचा बल्ब बदलावा आणि मध्यरात्रीच्या मिसेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जावं. २५ला कोंसुआदचं, म्हणजे नाताळच्या गोडधोडाचं, ताट घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जावं. चतुर्थीला आमच्या घरातून त्यांच्याकडे नेवऱ्या गेलेल्या असतात. आता त्यांची पाळी. घरातल्या रीती मोडून केलेला सराव फार वर्षं टिकत नाही. टिकणारा सराव घराच्या वेळापत्रकात स्वतःला बसवून घेतो.

पण सुट्टी म्हणजे सराव बंद, असंही नाही. नेमका इथेच दर्जासाठी करणारा आणि सरावासाठी करणारा वेगळा ओळखू येतो. परीक्षा झाली, बेल्ट मिळाला, आता जानेवारीतच बघू, ही पहिली जात. दुसरा सगळी गडबड संपल्यावर, पाहुणे झोपल्यावर किंवा सकाळी अंगण झाडून झाल्यावर, एक काता करतो. एकच. कुणी मोजत नाही, कुणी पाहत नाही. ३१ डिसेंबरच्या रात्री रस्त्यावर जुन्या वर्षाचा म्हातारा जाळायला जाण्याआधी तो घामेजलेला असतो. अशा मुलाला जानेवारीत ओळखायला मला वर्गातली पहिली दहा मिनिटं पुरतात. त्याचे पाय जमिनीला विसरलेले नसतात.

म्हणूनच परीक्षा नाताळआधी घेऊ नयेत, जानेवारीच्या शेवटी, रेइशांचं फेस्त, म्हणजे तीन राजांचा सण, होऊन गेल्यावर घ्याव्यात, असं माझं मत आहे. फोटो महिनाभर उशिरा जातील, काही बिघडत नाही. मधल्या सुट्टीत कोण काय करतो ते आपोआप दिसतं आणि परीक्षकालाही केवळ डिसेंबरची घोकंपट्टी बघावी लागत नाही.

नवीन वर्षात मुलासाठी क्लास शोधणाऱ्या पालकांनी भिंतीवरची प्रमाणपत्रं वाचून झाली की तासभर मागे बसावं. सर स्वतः काता करतात की फक्त मोजतात ते पाहावं. सर्वांत नवख्या मुलाशी जोडी कोण लावतो, चुकून ठोसा लागला तर मारणाऱ्याचं पहिलं वाक्य काय असतं, मोठ्या बेल्टचा मुलगा झाडू उचलतो का, हेही. आणि निघताना सरांना विचारावं की २४ डिसेंबरला मुलगा घरी राहिला तर चालेल का.