ऑफिसचं शुक्रवारचं जेवण आणि व्हेज किमचीचा वाद : पार्श्वभूमी

सोलापुरात होटगी रोडच्या आमच्या गल्लीत कोरियन हॉटेल निघालं आणि ऑफिसातल्या सात-आठ जणांचं शुक्रवारचं जेवण तिकडं हललं, तेव्हापासनं हे नवीन खूळ कुठनं आलं आणि तिथल्या किमचीवरनं (मीठ-मसाल्यात आंबवलेली कोबी) वाद कसला असं बरेच जण विचारतात. खूळ नाहीये ते, मागं बरंच काय काय आहे.

सोबत बसून जेवायची सवय या गावाला गिरण्यांनी लावली. १९४८ च्या कारखाना कायद्यात सलग पाच तास कामाच्या पुढं किमान अर्धा तास सुट्टी आणि अडीचशेच्या वर कामगार असतील तिथं कॅन्टीन, हे लिहूनच आलं. गिरण्या गेल्या पण ती अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी ऑफिसांत तशीच राहिली, आणि डबे उघडले की कुणाची कडक भाकरी, कुणाची शेंगाची चटणी, कुणाचा पुलिहोरा म्हणजे चिंचेचा भात, सगळं मध्ये सरकवायचं. फक्त एक गोष्ट न बोलता पाळली जायची, की नॉनव्हेज डबा टेबलाच्या त्या टोकाला, आणि गुरुवारी, श्रावणात तर आणायचाच नाही. पुढचा सगळा वाद इथनं सुरू होतो म्हणून हे सांगितलं.

कोरिया आपल्या घरात आला तो फ्रिज, टीव्ही आणि गाड्यांमधनं, १९९० च्या दशकात. जेवण नाही आलं. २००६ च्या आसपास दूरदर्शनवर हिंदीत डब केलेल्या कोरियन मालिका लागल्या, पण खरी लाट २०२० च्या लॉकडाऊनची, घरोघरी पोरी मोबाईलवर त्या मालिका बघायला लागल्या आणि त्यात दर दहा मिनिटांनी कुणीतरी जेवतच असतं. मग किराणा दुकानात लाल तिखट कोरियन नूडल्सची पाकिटं आली, मग कॅफेत एखादी डिश, मग हे हॉटेल. तिखटाचं आपल्याला नवल नाहीच. मिरची मूळची ना आपली ना त्यांची, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती आपल्याकडं आणली आणि कोरियात ती त्या शतकाच्या शेवटाला पोचली, म्हणजे किमची लाल झाली ती त्यानंतरच.

आता मुख्य मुद्दा. हॉटेलच्या पहिल्या मेन्यूत किमची "व्हेज" खाली छापली होती. आमच्यातल्या एका लिंगायत ताईंनी दोन शुक्रवार खाल्ली, तिसऱ्या शुक्रवारी सहज विचारलं यात काय काय असतं, तर पोरगा म्हणाला मसाल्यात थोडा फिश सॉस आहे. ताई ताट सोडून उठल्या. त्या दिवशी टेबलावर कुणीच नीट जेवलं नाही. पुढच्या आठवड्यात हॉटेलवाल्यांनी ठरवलं की इथनं पुढं सगळी किमची मासळीशिवायच करायची, आणि आमच्यात दोन तट पडले. निम्मे म्हणायला लागले मासळी काढली की ती किमचीच नाही, तिखट कोबी म्हणा.

हे मला अजिबात पटत नाही. कोरियात कोळंबी नाहीतर बारीक मासे मिठात मुरवून करतात त्याला जॉत्गाल म्हणतात आणि घरोघरी ते घालतात, हे खरं. पण तिथल्या बौद्ध मठांत मांस-मच्छी चालत नाही, लसूण-कांदाही नाही, आणि किमची तरी पिढ्यानपिढ्या होते. म्हणजे आपल्या चातुर्मासाच्या नियमात बसणारी किमची त्यांच्याच घरची आहे, कुणी इकडं बसून काढलेली तडजोड नाही. दुसरं म्हणजे २००१ साली किमचीचं आंतरराष्ट्रीय मानक ठरलं, त्यात मुरवलेली मासळी "घातली तर चालेल" अशा यादीत आहे. लसूण, आलं, मिरचीपूड, मुळा आणि चायनीज कोबी मात्र त्यात पाहिजेच, त्यामुळं मठातली बिनलसणाची किमची त्या कागदात बसत नाही आणि साधा कोबी वापरणारं आमचं हॉटेलही बसत नाही. वाद घालायचाच असला तर कोबीवर घाला की. नाव आंबण्याला आहे, मासळीला नाही. लोणचं म्हणून सोडून देणारेही आहेत, पण आपलं लोणचं तेलामिठावर वर्षभर टिकतं आणि ही स्वतःच्याच पाण्यात आंबते, सोलापूरच्या एप्रिलात फ्रिजबाहेर ठेवली तर दिवसात आंबट होते. मी आत जाऊन बघितलंय, मिठानं मऊ पडलेली कोबीची पानं, त्यावर तांदळाच्या पिठाची खळ आणि मिरचीपूड, आणि बरणीचं झाकण उघडलं की बुडबुडे वर येतात, फुस्स आवाज होतो.

बाकी बिबिम्बापवर कुणाचं भांडण नाही. बिबिम म्हणजे कालवणं, बाप म्हणजे भात, कालवलेला भात आपल्याला कोण शिकवणार. कोरियन लोक भात चमच्यानंच खातात म्हणून त्या चॉपस्टिकच्या काड्यांचंही टेन्शन नाही. तिकडं सोबतच्या छोट्या वाट्या, बानचान, फुकट आणि संपल्या की परत मिळतात, आपल्याकडं चटणी-कांदा मिळतो तसं. इथं मात्र त्याचे वेगळे पैसे लावतात, आणि आम्ही ते कॉन्ट्रीतच धरतो.

ताई आता परत येतात. फक्त तोकबोक्कीचा (तांदळाच्या पिठाचे चिवट तुकडे तिखट रश्श्यात) रस्सा मुळात सुकवलेल्या मासळीच्या पाण्यात करतात, त्याबद्दल हॉटेलकडनं अजून पक्कं उत्तर मिळालेलं नाही, त्यामुळं शुक्रवारी ती डिश आम्ही सध्या मागवत नाही.