अ‍ॅक्टिव्ह डिजिटल क्रॉसओव्हर (घरगुती स्पीकरमधील)

स्पीकरच्या खोक्यातील वूफर आणि ट्वीटर यांना त्यांच्या वाट्याचे स्वर अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीच, आकडेमोडीने वेगळे करून देणारी व्यवस्था. साडेसहा इंची वूफरला डग्ग्याची घुमक पेलते, पण टाळांची किणकिण नीट जमत नाही. एक इंची ट्वीटरचे नेमके उलटे, आणि त्याच्याकडे जोरात खर्ज पाठवला तर तो जळतोच. म्हणून वाटणी करावी लागते. नेहमीच्या स्पीकरमध्ये ती अ‍ॅम्प्लिफायरनंतर होते. त्यासाठी खोक्यात तांब्याच्या तारेच्या कॉइल आणि कपॅसिटर बसवलेले असतात. हा पॅसिव्ह क्रॉसओव्हर. अ‍ॅक्टिव्ह मांडणीत वाटणी आधी आणि अ‍ॅम्प्लिफायर नंतर येतो. वूफरला एक आणि ट्वीटरला एक, असे डाव्या-उजव्या जोडीला अ‍ॅम्प्लिफायरचे चार चॅनेल लागतात.

महाराष्ट्रात ही कल्पना नवी नाही. मंडपात साउंड लावणारे ‘टॉप’ आणि ‘बेस’ वेगवेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरवर चालवतात आणि वाटणी रॅकमधल्या क्रॉसओव्हरवर करतात. घरात ती उशिरा आली, कारण चार चॅनेल परवडत नव्हते. क्लास डी अ‍ॅम्प्लिफायरच्या चिपांनी ती अडचण दूर केली. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए ३११६ या चिपचा तळहाताएवढा बोर्ड लॅपटॉपच्या जुन्या १९ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत फेरी मारणाऱ्याला असले बोर्ड अनोळखी नाहीत. असे दोन बोर्ड घेतले की चार चॅनेल झाले. वाटणीसाठी अ‍ॅनालॉग डिव्हायसेसची एडीएयू १७०१ ही चिप हौशी मंडळींत रुळली आहे. तिला आत यायला दोन आणि बाहेर जायला चार वाटा आहेत, म्हणजे दोन ड्रायव्हरच्या (वूफर आणि ट्वीटर यांना मिळून ड्रायव्हर म्हणतात) स्टीरिओ जोडीला अगदी मोजून लागतात तेवढ्या. तिचे सिग्मास्टुडिओ हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. सोय हवी असेल तर मिनीडीएसपी या कंपनीचे तयार खोके आहे, आणि संगणकाची सवय असेल तर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर कॅमिलाडीएसपी हे सॉफ्टवेअर चालते.

बहुतेक जण वाटणीचा जो उतार, म्हणजे नको असलेले स्वर घटत जाण्याचा वेग, निवडतात तो लिंकविट्झ-रायली या नावाने ओळखला जातो. सीगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली हे हेवलेट-पॅकर्डमधील अभियंते. लिंकविट्झ यांचा त्यावरील लेख १९७६ साली प्रसिद्ध झाला. या रचनेत क्रॉसओव्हर पॉइंटवर, म्हणजे जिथे वाटणी होते त्या स्वरावर, दोन्ही ड्रायव्हर ६ डेसिबलने खाली असतात आणि एकत्र आले की बेरीज सपाट होते. २२०० हर्ट्झवर वाटणी केली, तर एक सप्तक खाली, म्हणजे ११०० हर्ट्झला, ट्वीटरकडे जाणारा स्वर सुमारे २४ डेसिबलने घटलेला असतो. हाच उतार पॅसिव्ह पद्धतीने काढायचा तर प्रत्येक खोक्यात चार कॉइल आणि चार कपॅसिटर लागतात. त्यातही मेख अशी, की स्पीकरवर लिहिलेले ‘८ ओहम’ हे नुसते लेबल असते. प्रत्यक्ष रोध स्वरागणिक बदलतो आणि कागदावरचे गणित कोलमडते. चिपमध्ये हाच उतार ‘बायक्वाड’ नावाच्या दोन छोट्या गणिती गाळण्यांत उरकतो आणि एक बायक्वाड म्हणजे फक्त पाच आकडे. २२०० नको, २००० हवे, असे वाटले तर सोल्डरिंगची कांडी तापवावी लागत नाही.

विलंबाच्या बाबतीत तर पॅसिव्हला या पद्धतीची बरोबरी सहजी करता येत नाही. दोन्ही ड्रायव्हर एकाच फळीवर बसवले, तरी ट्वीटरचा डोम पुढे आणि वूफरचा आवाज जिथून निघतो ती जागा दोनेक सेंटिमीटर मागे राहते. २२०० हर्ट्झची लहर साधारण १५.६ सेंटिमीटर लांब, तेव्हा दोन सेंटिमीटर म्हणजे तिचा जवळजवळ आठवा हिस्सा. सेकंदाला ४८,००० नमुने घेणाऱ्या चिपमध्ये एका नमुन्याच्या अवधीत आवाज ७ मिलिमीटर जातो, म्हणून ट्वीटरला तीन नमुने थांबवले की हिशेब जुळतो. ते जुळले का, हे पाहण्याची रीत गमतीची आहे. ट्वीटरचे प्लस-मायनस मुद्दाम उलटे करायचे आणि आलेख काढायचा. दोन्ही ड्रायव्हर खरोखर एका वेळी बोलत असतील, तर २२०० हर्ट्झवर एकमेकांना खोडून खोल खड्डा पाडतात. विलंब एकेका नमुन्याने पुढे-मागे करत हा खड्डा सर्वांत खोल जाईल तिथे थांबायचे आणि ट्वीटर पुन्हा सरळ करायचा. कानाने ताडायचे तर तानपुरा लावावा. जवारीचे वरचे स्वर याच पट्ट्यात येतात आणि जुळणी बिघडलेली असेल तर डोके थोडे वर-खाली केल्यावरही त्यांचा पोत बदलतो.

यावरून ध्यानात येईल, की या पद्धतीत पैसा तांब्यावरून उठून मोजमापावर जातो. कॅलिब्रेशन फाइलसह (म्हणजे स्वतःच्या चुकांच्या नोंदीसह) येणारा मायक्रोफोन टाळून वाचवलेले पैसे हा सगळ्यांत महागडा काटकसरीचा प्रकार. मापाशिवाय चिप म्हणजे डोळे मिटून फिरवलेले बटण. मापासाठी रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर पुरते. खोलीच्या भिंती माप बिघडवतात, पण त्यालाही तोड आहे. स्पीकर आणि मायक्रोफोन जमिनीपासून १.२ मीटर उंच आणि एकमेकांपासून १ मीटरवर ठेवले, तर फरशीवरून उसळलेला आवाज सुमारे ४.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो. तेवढाच तुकडा घेऊन पुढचा टाकून दिला, की २१५ हर्ट्झच्या वरचे माप विश्वासाचे. त्याखालचे माप मायक्रोफोन वूफरच्या अगदी जवळ नेऊन घेतात. गच्ची मोकळी असेल आणि शेजारी झोपाळू असतील तर प्रश्नच मिटला.

चिप सगळे दुरुस्त करते, हा मात्र भ्रम. एखाद्या जागी ६ डेसिबल वाढवले तर अ‍ॅम्प्लिफायरवर चौपट ताकदीचा भार येतो. तेवढ्याच आवाजात एक सप्तक खाली जायचे तर शंकूला चौपट पुढे-मागे जावे लागते आणि स्वस्त वूफरची धाव तिथेच संपते. भिंतींच्या खोडाखोडीने पडलेला खड्डा कितीही वाढवले तरी भरत नाही. उंचवटा कापणे मात्र फुकटात पडते. फळी अरुंद असली की खालचा आवाज तिला वळसा घालून मागे निसटतो. २१-२२ सेंटिमीटर रुंद फळीत हा फरक पाचशे-साडेपाचशे हर्ट्झच्या आसपास जाणवू लागतो आणि वाढत ६ डेसिबलपर्यंत जातो. तो एका शेल्फ फिल्टरने, म्हणजे ठरावीक जागेच्या एका बाजूचे सगळे स्वर सारखे उचलणाऱ्या किंवा दाबणाऱ्या गाळणीने, सावरता येतो, पण भिंतीला चिकटवून ठेवायच्या स्पीकरला ही भर कमी लागते.

खोके पाऊण इंची प्लायचे किंवा एमडीएफचे करतात. सुतार एखादे सूत चुकला तर ते ३ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या नमुन्याहूनही कमी; चिप ते सांभाळून घेते. हवा गळली तर नाही. बंद खोक्यात वूफरचा शंकू बोटांनी अलगद दाबून सोडावा. तो सावकाश वर आला तर खोके घट्ट, झटकन आला तर कुठेतरी फट आहे. ड्रायव्हरच्या कडेखाली फोमची पट्टी लावली, तर ही तक्रार सहसा उरत नाही.

जोडणीत दोन चुका नेहमी होतात. टीपीए ३११६ च्या स्टीरिओ बोर्डांत स्पीकरच्या दोन्ही टोकांवर सिग्नल असतो, ‘मायनस’ ही जमीन नसते. वूफर आणि ट्वीटरचे मायनस जोडून तीन तारांत काम उरकू पाहणाऱ्याचा बोर्ड जातो. प्रत्येक खोक्याला चार तारांची केबल न्यावी. दुसरी चूक ट्वीटर थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडण्याची. चुकीची फाइल चिपमध्ये गेली किंवा चालू करताना ठोका बसला, तर मध्ये अडवायला कोणी नसते. ३३ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर ट्वीटरच्या वाटेत ठेवला, की ८ ओहमला त्याची कात्री, म्हणजे जिच्याखालचे स्वर तो अडवू लागतो ती सीमा, सुमारे ६०० हर्ट्झवर येते, क्रॉसओव्हरपासून चांगली दूर, आणि मोजलेल्या आलेखात तो धरला जातोच. गाणे बंद असताना ऐकू येणारी शांततेतली ‘हिस्स’ ट्वीटरच्या जास्त संवेदनशीलतेमुळे असते. चिपमध्ये आवाज घटवून ती जात नाही, कारण ती अ‍ॅम्प्लिफायरची स्वतःची असते. टीपीए ३११६ मध्ये गेन (सिग्नल किती वाढवायचा ते प्रमाण) २० ते ३६ डेसिबलमध्ये चार पायऱ्यांनी ठरतो. तो बोर्डावरील रेझिस्टर बदलून २० वर आणावा आणि मग कान ट्वीटरला लावून पाहावा.