मानमोडीची साथ आणि वाळव्यातलं एक घर

वाळवा तालुक्यातल्या जुन्या घरांची वंशावळ मांडायला बसलं की १९१८ सालापाशी एकदम खिंडार पडतं. ते मानमोडीचं साल, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या जगभरच्या साथीचं. आमच्याच घरात दसरा-दिवाळीच्या दरम्यान पणजोबांचे दोन थोरले भाऊ आणि थोरली वहिनी गेली. घरात ‘प्लेगात गेले’ असंच सांगत आले. पण कोतवाल बुकातल्या (गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीतल्या) मोडी नोंदींत तिघांच्याही नावापुढे कारण एकच आहे: ताप. प्लेगाची नोंद वेगळी होत असे. (जुने कागद शोधणाऱ्यांनी जिल्हा सातारा पाहावा, दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ला, आणि त्याचं सांगली नाव पडलं १९६०ला.)

ही गल्लत होणं साहजिक होतं. १८९६ला मुंबईत आलेला प्लेग पुढं वीसेक वर्षं या भागात फिरून फिरून येत राहिला. लोकांना तो ओळखू येई. उंदीर पडले की गाव सोडायचं, माळावर झोपड्या घालायच्या. मानमोडीत उंदीर पडले नाहीत. गाव सोडून उपयोगही नव्हता, कारण रोग माणसाबरोबरच माळावर जाई.

मुंबईत तो जूनमध्ये आला तेव्हा सौम्य होता. सप्टेंबरात परतला तो मारक होऊन. ऑक्टोबरच्या सुरुवातीला शहरात एका दिवसात सातशेहून जास्त माणसं मेली. गिरण्यांतली घाटावरची माणसं भिऊन गावाकडं निघाली, आणि पुणे-मिरज लाइनवर कराड, ताकारी अशी स्टेशनं घेत तापही उतरत गेला. सरकारी डॉक्टरांपैकी कितीतरी महायुद्धावर होते. ज्या विषाणूनं हे होतं तो सापडला १९३३मध्ये. तोवर कोयनेल आणि काढे. मुंबई इलाख्यात सुमारे दहा लाख माणसं गेली. देशाची लोकसंख्या १९११ ते १९२१ या दशकात वाढण्याऐवजी २५.२१ कोटींवरून २५.१३ कोटींवर आली. त्यात सर्वांत मोठा वाटा या साथीचा.

या साथीनं म्हातारी माणसं कमी आणि वीस ते चाळीस वयाची जास्त नेली, हे मला आकड्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. म्हणजे नांगर धरणारे आणि चूल सांभाळणाऱ्या. आपल्याकडं बायका पुरुषांपेक्षा जास्त गेल्या, गरोदर असतील तर फारच. शुश्रूषा त्याच करत होत्या. त्या साली पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महागलं होतं, आणि शाळू पेरायच्या दिवसांत घरंच्या घरं अंथरुणाला खिळलेली.

आमच्याकडं मागं राहिली ती पणजोबांची आई, चौदा-पंधराचे पणजोबा, मधली सून आणि चार पोरं. धाकटं गेलेल्या थोरल्या वहिनीचं, अजून अंगावर पिणारं. मधलीनं स्वतःच्या मुलीबरोबर त्यालाही पाजलं. घरात ही गोष्ट अजून सांगतात, कारण दोघं पुढं आयुष्यभर सख्ख्यासारखी भांडली. दोन मोठी पोरं आजोळी धाडली. एक बैल विकला. मग शेजारच्या अशाच एकबैली घराशी वारंगुळा केला: दोघांचा मिळून एक औत, आज तुमच्या रानात, उद्या आमच्या. पेरणी उशिरा झाली, पण झाली. बी-बियाण्यासाठी विहिरीकडचा तुकडा सावकाराकडं गहाण पडला.

साथ गावात जेमतेम महिनाभर होती. घराला सावरायला दहा-बारा वर्षं लागली, आणि ती गोष्ट कुठल्या सरकारी तक्त्यात नाही. जमिनीच्या फेरफारात मात्र पोरांच्या नावाखाली ‘अ. पा. क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता (अल्पवयीन पोरांची पालक), म्हणून म्हातारीचं नाव लागलं आहे. आजोळी वाढलेला थोरला पुढं किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात लागला आणि त्याच्या पगारातून गहाण सुटलं. तो तुकडा आज चुलत्यांच्या वाटणीत आहे.