११५ किलोचं विमान आणि धुळ्याचा मे महिना

घरी बांधता येणारं एका माणसाचं विमान कागदावर फार सोपं दिसतं. ॲल्युमिनियमच्या नळ्या, त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या आणि बोल्ट, पंखांवर पॉलिएस्टरचं कापड (इस्त्री फिरवली की ते आकसून ताठ बसतं) आणि तीसेक अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन. अमेरिकेच्या १९८२ सालच्या नियमानुसार अशा अल्ट्रालाइटचं रिकामं वजन ११५ किलोच्या आत हवं. म्हणजे बुलेटपेक्षाही हलकं! शिवाय ताशी ४४ किलोमीटर इतक्या कमी वेगातही ते हवेत तरंगलं पाहिजे.

खरी मेख या दुसऱ्या अटीत आहे. पंखांची उचल हवेची घनता, पंखांचं क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग यांवर ठरते. चालक आणि पेट्रोल धरून वजन दोनशे किलोंच्या आसपास जातं. एवढं वजन इतक्या कमी वेगात पेलायचं तर १३-१४ चौरस मीटरचा पंख लागतो. सेसना १७२ हे चार आसनी छोटं विमान सोळा चौरस मीटरवर अकराशे किलो उचलतं, पण त्यासाठी ते बरंच जोरात पळतं.

आता हेच विमान मे महिन्यात धुळ्याला आणा. घरी बांधलेलं विमान इथे नवलाचं नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान २०२० मध्ये इथूनच उडालं. धुळ्याची उंची जेमतेम २५० मीटर. पण पारा ४५ वर गेला की हवा फुगते आणि प्रमाण हवेपेक्षा (समुद्रसपाटीवरच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा) सुमारे १२ टक्के विरळ होते. विमानाच्या लेखी धुळं मग १३०० मीटरवर, जवळपास महाबळेश्वराच्या उंचीवर, जाऊन बसतं. थंडावा मात्र मिळत नाही.

फटका तिहेरी बसतो. पंख कमी उचलतो, इंजिनाचा पंखा (प्रोपेलर) कमी ओढतो आणि इंजिनाला प्राणवायू कमी पडतो. किमान वेग ४४ वरून ४७ होतो, उड्डाणाआधीची धाव साधारण एक तृतीयांशानं लांबते. गंमत म्हणजे वेगदर्शकाचा काटा जुनाच आकडा दाखवतो, कारण तो मोजतो समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब, आणि तोही घनतेबरोबरच उतरलेला असतो. जमीन मात्र भराभर मागे पळताना दिसते. डोळ्यांवर विश्वासून चालकानं वेग कमी केला, की पंखांची उचल तुटलीच समजा.

मोठं इंजिन बसवण्याचा मोह इथेच होतो. माझ्या मते तो टाळावा. इंजिन जड झालं की नळ्या जाड कराव्या लागतात, मग पंख वाढवावा लागतो, आणि ११५ किलोंची मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. त्यापेक्षा पहाट बरी. २७ अंशांना घनतेतली तूट सातेक टक्क्यांवर येते. काळी जमीन तापून गरम हवेचे झोत उठायलाही अजून अवकाश असतो. सेसना असे झोत दणकत पार करतं. प्रति चौरस मीटर जेमतेम पंधरा किलो भार असलेल्या या विमानाला ते पार उचलून फेकतात.