डब्यातलं दूध टिकतं ते कशामुळे?

'कंडेन्स्ड मिल्क वर्षभर नासत नाही, म्हणजे त्यात नक्कीच औषध घातलेलं असतं', असा एक मेसेज दर सणाला फिरतो. शंका रास्त आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दुपारी दूध तापवायचं राहिलं की संध्याकाळी फाटलंच म्हणून समजा!

पण इथं राखणदार साखर आहे. दुधातलं सुमारे ६० टक्के पाणी काढतात आणि साखर इतकी घालतात, की डब्यात ती ४० ते ४५ टक्के भरते. उरलेलं पाणी साखर धरून ठेवते, जंतूंना वाढायला मिळत नाही. मुरंबा टिकतो तसंच. ही युक्ती एकोणिसाव्या शतकातली आहे, फ्रीज घरोघरी यायच्या कितीतरी आधीची.

इव्हॅपोरेटेड मिल्कही आटवलेलंच, पण बिनसाखरेचं. ते बंद डब्यातच कडक तापवून जंतुरहित करतात. पडताळा सोपा आहे: डबा फोडल्यावर हे दूध फ्रीजमध्येही चार-पाच दिवसांत खराब होतं. औषध असतं तर टिकलं असतं ना? लेबलही वाचा. काहींत दूध फाटू नये म्हणून स्थिर करणारा क्षार असतो. तो टिकवण्यासाठी नसतो.

घरी करायचं तर एक लिटर म्हशीचं दूध आणि १८० ग्रॅम साखर, जाड बुडाच्या पातेल्यात, कडेची साय खरवडत, दाटसर होईपर्यंत आटवा. बासुंदीला, खिरीला चालतं. मात्र ते फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यात संपवा. आणि डबाच वापरणार असाल, तर खिरीत वरून साखर घालायची घाई नको.